३२० फुटाच्या बोअरवर सोलर पंप बसवावा काय? वापरणाऱ्यांनी सांगा

शेतकरी_उचगावपट्टा

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमची साडेतीन एकर जमीन आहे, आजवर सगळं पावसावरच, भात आणि रताळी, पाऊस गेला की रान जूनपर्यंत पडून. यंदा डिसेंबरात बोअर मारली, ३२० फूट, गाडीवाल्यानं अडीच इंच पाणी लागलं म्हणून सांगितलं, आई नारळ घेऊन उभीच होती, त्या दिवशी घरात सणासारखं झालं.

आता करंटचं अडलंय. जवळचा खांब ७०० मीटरवर. २२ सप्टेंबर २०२३ नंतर ज्यांनी नवीन कनेक्शनला अर्ज केलाय त्यांनी खांब, तार, टीसी (ट्रान्सफॉर्मर) सगळं स्वतःच्या खर्चानं करायचं असा कर्नाटक सरकारचा निर्णय आहे, म्हणजे आम्ही त्यातच आलो. खांबापासून ५०० मीटरच्या पलीकडं बोअर असेल तर सोलर घ्या म्हणतात. सोलर पंपाच्या अनुदानाची कुसुम योजना आहे, त्यात केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ५० आणि आपले २०.

माझा विचार ५ एचपी नाहीतर सरळ ७.५ घ्यावा आणि दोन एकर ऊस लावावा, बाकीत भाजी. मेव्हणा हद्दीपलीकडं चंदगड तालुक्यात आहे, तो म्हणतो मिळतोय तेवढा मोठा घे, नंतर पस्तावशील. पण घरचं सोनं ठेवून २० टक्के भरायचे आहेत, म्हणून ज्यांच्या रानात खरोखर चालू आहे त्यांच्याकडनं ऐकायचं आहे.

निपाणीचा_ऊसकरी

बसवा दादा, बिनधास्त बसवा. माझा ७.५ चा आहे, तिसरं वर्ष चालूय, वेदगंगेच्या बाजूला विहीर आहे ४५ फुटाची. सकाळी आठ साडेआठला पाणी चालू होतं ते संध्याकाळी पाचपर्यंत, मधी ढग आला तर धार बारीक होते, गेला की परत जोरात.

मला विचाराल तर पैशापेक्षा रात्रीचा त्रास गेला हे मोठं. आमच्याकडं थ्री फेजची पाळी रात्रीची आली की दोन वाजता बॅटरी घेऊन उसात शिरायचं, पाट फुटला काय बघायचं. चार वर्षांमागं तात्यांना तिथंच साप चावला. वाचले, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून, पण त्यानंतर पाळीच्या रात्री आई झोपायचीच नाही, मी परत येईस्तोवर दारात बसून असायची. आता दिवसाउजेडी पाणी फिरवतो, न्याहारी घरातनं येते. हे कुठल्या हिशोबात धरायचं सांगा.

पॅनेल मात्र पुसायला लागतात. आमच्याकडं उसाच्या गाड्या चालू झाल्या की रस्त्याची धूळ इतकी बसते की आठवड्यात पाणी कमी झालेलं कळतं. सकाळी गार असताना धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

खानापूरची_अक्का

निपाणीच्या भाऊंनी लिहिलेलं वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्या घरात पण तेच होतं, फरक एवढाच की आमच्याकडं सापाबरोबर गवे आणि मधनंमधनं हत्ती. आमचे हे गोव्याला कामाला असतात, शेताचं सगळं मी आणि सासूबाई बघतो. ओढ्यावर ३ एचपीचा सोलर आहे, दीड एकर उन्हाळी भाजी आणि थोडी मिरची.

आधी डिझेल इंजिन होतं. ते चालू करायला हँडल मारायचं म्हणजे माझ्या अंगात तेवढी ताकद नव्हती, शेजारच्या पोराला बोलवायला लागायचं आणि तो त्याच्या सवडीनं येणार. आता बटण दाबते. बाईमाणसाला पाण्यासाठी कुणाची वाट बघायला लागत नाही ही गोष्ट कुठल्या कंपनीच्या कागदात लिहिलेली नसते म्हणून इथं लिहिते.

आता वाईट पण सांगते. दुसऱ्या पावसाळ्यात वीज पडली आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनेलचा करंट मोटरला देणारी पेटी, गेला. पाच वर्षांची दुरुस्ती कंपनीकडंच असते, तसं कागदावर आहे, पण माणूस यायला ४० दिवस लागले. पावसाळा होता म्हणून निभावलं, मार्चमध्ये झालं असतं तर मिरची गेलीच होती. तेव्हा वीज अंगावर घेऊन जमिनीत सोडणारा लाइटनिंग अरेस्टर बसवलाय काय, अर्थिंगचा खड्डा खरंच केलाय काय, हे फिटिंगवाला रानात असतानाच उभं राहून बघा. आमचा अर्थिंगचा रॉड नुसता वीतभर मातीत खोचलेला होता, नंतर कळलं.

मोटरवाला_चिकोडी

मी २२ वर्षं मोटर रिवायंडिंग करतोय आणि सात-आठ वर्षांपासून सोलर पंपाची पण कामं करतो. उचगावच्या भावानं निपाणीच्या पंपावरनं अंदाज बांधू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

पंपाला एचपी कळत नाही, पंपाला दोनच गोष्टी कळतात, पाणी किती आणि ते किती खोलीवरनं. एक युनिट करंट जर अजिबात वाया न जाता वापरता आला तर ३ लाख ६७ हजार लिटर पाणी एक मीटर वर उचलता येतं. पण पंप, मोटर, पाईप, वायर सगळ्यात जाऊन हातात निम्म्याहून कमीच राहतं, धरा १ लाख ६५ हजार. आता ५ एचपीला साधारण ४८०० वॅटचे पॅनेल असतात, स्वच्छ उन्हाच्या दिवसात त्यातनं २० युनिट मिळतात समजा. म्हणजे दिवसाचं ३३ लाख लिटर एक मीटरवर. याला खोलीनं भागा. विहीर १५ मीटर असेल तर दिवसाला सव्वादोन लाख लिटर. ३० मीटर असेल तर १ लाख १० हजार. आणि ९० मीटर, म्हणजे ३०० फुटावरनं ओढायचं असेल तर ३७ हजार. पॅनेल तेच, ऊन तेच, पंपाच्या पाटीवरचा आकडा पण तोच.

दुसरी गोष्ट. करंटवरची मोटर चालू झाली की एकाच स्पीडनं फिरते. सोलरची तशी नाही, ऊन वाढेल तसा कंट्रोलर स्पीड वाढवतो. स्पीड ८० टक्के असला की पंपाची पाणी वर ढकलायची ताकद ६४ टक्क्यांवर येते, निम्म्या उन्हात साधारण हीच गत होते. निपाणीच्या उथळ विहिरीत त्या ताकदीवर पण पाणी वर येतं म्हणून सकाळी आठला धार लागते. खोल बोअरमध्ये मोटर फिरत असते, आवाज येत असतो, आणि पाणी पाईपमध्येच अर्ध्यावर लटकून राहतं. दहा वाजता पाणी येणार आणि तीनला बंद. लोक मग माझ्याकडं येतात पंप फॉल्टी दिला म्हणून. पंप फॉल्टी नसतो, खोलीचा हिशोब कुणी केलेला नसतो.

म्हणून भावा, ५ की ७.५ हे आत्ता विचारू नकोस. आधी बोअर मोज. गाडीवाल्यानं सांगितलेलं अडीच इंच म्हणजे पाणी मोजायच्या खाचेच्या पट्टीवर त्या दिवशी कॉम्प्रेसरच्या हवेनं उसळलेलं पाणी, तासाला पाचेक हजार लिटर होतं ते. डिसेंबरात, भरल्या बोअरला. चार तास सलग उपसल्यावर किती राहतं ते बघायला पाहिजे.

अथणीकडचा

चिकोडीच्या मामांनी लाखातलं सांगितलं. मी अथणी तालुक्यातला, आमच्या भागात बोअरची खोली ऐकून तुम्हाला घाम फुटेल. माझी पहिली बोअर २४० फुटाची होती, माझ्या आजोबांच्या वेळची विहीर तर ५० फुटाची, तिच्यात आता बाभळी उगवल्यात.

मला सोलरबद्दल एक काळजी आहे आणि ती मी मनापासून लिहितोय, कुणाला विरोध म्हणून नाही. करंटची मोटर होती तेव्हा सात तास करंट, ते पण तुकड्यातुकड्यानं, म्हणजे उरलेला वेळ बोअर भरायची. डिझेलवाल्याला पैशाची आठवण असायची, तो नेमकं लागेल तेवढंच ओढायचा. सोलरला बिल नाही, डिझेल नाही, मग बंद कशाला करायचा? आमच्या शेजाऱ्यानं सोलर बसवल्यावर ऊस वाढवला आणि उरलेलं पाणी दुसऱ्याला द्यायला चालू केलं, वाईट हेतूनं नाही, पाणी होतं म्हणून दिलं. दोन उन्हाळ्यात त्याची आणि माझी दोन्ही बोअर एकदम बसल्या. खाली पाणी एकच होतं की.

त्याचा पंप अजून चांगला आहे, पॅनेल चकाचक आहेत. पाणी नाही.

चंदगडकर_पाव्हणा

हद्दीपलीकडनं लिहितोय. आमच्याकडं सप्टेंबर २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आहे, शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. पंप जमिनीवरनं ठरतो, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकर ५ एचपी, त्याच्यावर ७.५. त्यामुळं इकडं सगळे उतारा बघून पंप मागतात, बोअर बघून कोणी मागत नाही. मी पण ५ चा घेतला, विहिरीवर, चांगला चालतो. पण आमच्याच वाडीत एकानं तोच ५ चा बारीक पाण्याच्या बोअरवर सोडला, पाऊण तासात बोअर कोरडी, ड्राय रनला, म्हणजे पाण्याविना फिरायला लागला की, पंप आपोआप बंद, अर्ध्या तासानं परत चालू, परत बंद. दिवसभर हेच. मोठा घे म्हणणाऱ्या मेव्हण्याला हे दाखवा.

धारवाडात_शिकतोय

मी मूळचा हुक्केरीकडचा, सध्या धारवाडला कृषी विद्यापीठात शिकतोय. अथणीच्या काकांनी जो मुद्दा काढला तो फक्त आपल्याकडचा नाही. पाकिस्तानच्या पंजाबात गेल्या काही वर्षांत पॅनेल स्वस्त झाल्यावर शेतकऱ्यांनी ट्यूबवेल मोठ्या प्रमाणात सोलरवर नेले, आणि तिथं पण भूजल खाली चाललंय हीच काळजी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१८ मध्ये सोलर सिंचनाचे फायदे आणि धोके यावर अहवाल काढला त्यात पण हाच मुद्दा होता, पाणी उपसायला खर्चच नसेल तर उपसा वाढतो.

यावर वेगवेगळे उपाय झालेत. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी म्हणून गाव आहे, तिथं शेतकऱ्यांनी सोलर पंपवाल्यांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेला करंट वीज कंपनीला विकायला चालू केला. म्हणजे पंप बंद ठेवला तर पैसे मिळतात. आपल्या कर्नाटकात पण २०१४ मध्ये सूर्य रैत योजना आणली होती, कनकपुरा तालुक्यात हारोबेलेला तो प्रयोग झाला, कल्पना तीच. राजस्थाननं वेगळं केलं, सोलर पंपाला अनुदान पाहिजे तर ठिबक आणि शेततळं असायला पाहिजे अशी अट घातली. बांगलादेशात तर पंप एका शेतकऱ्याचा नसतोच बऱ्याच ठिकाणी, सरकारी वित्त संस्थेकडनं कर्ज घेऊन कोणीतरी मोठा पंप बसवतो आणि आसपासच्या भातवाल्यांना पाणी विकतो, तिथं डिझेल वाचवणं हा मुख्य हेतू आणि पाणी वरतीच आहे म्हणून ते जमतं. केनियात छोटे शेतकरी हप्त्यावर छोटा पंप घेतात, एक-दोन एकर भाजीपुरता.

उचगावच्या दादांकडं लाईनच नाही त्यामुळं करंट विकायचा प्रश्न नाही. पण युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतोय काय बघा, म्हणजे पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबा कटर नाहीतर पिठाची चक्की चालवता येते. मग उगाच पाणी ओढत बसायची बुद्धी होत नाही.

शेतकरी_उचगावपट्टा

एवढं सगळं कुणी सांगितलं नव्हतं, खरंच आभार. मामा, बोअर मोजतो. पण त्याआधी कागदाचं विचारायचं होतं. अर्ज ऑनलाईन आहे, सगळं कन्नडमध्ये, मला बोलायला येतं पण वाचायला अडखळतो. आणि मोबाईलवर एक मेसेज आलाय, कुसुम योजनेत तुमचं नाव निवडलंय, ५६०० रुपये रजिस्ट्रेशन भरा म्हणून. भरू काय?

खानापूरची_अक्का

अजिबात भरू नका भाऊ!! कुसुमच्या नावानं खोट्या वेबसाईट लई आहेत, केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा खात्यानं पण याबद्दल वेळोवेळी सावध केलंय. आमच्या ओळखीतल्या एका घरचे पैसे असेच गेले. आपल्या राज्यात हे काम क्रेडल ही राज्य सरकारची ऊर्जा संस्था बघते आणि सौरमित्र पोर्टलवर अर्ज असतो. पहाणी उतारा, आधार, बँक पासबुक आणि फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकरी नोंदणीचा नंबर, लागतो. फ्रूट्स नसेल तर आधी शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन करून घ्या. कन्नडचं म्हणाल तर मी गावातल्या ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात बसून एकेक ओळ वाचून घेतली त्या मुलीकडनं, लाजले नाही. सही करायच्या आधी कशावर करतोय ते कळायला पाहिजे, आपलं सोनं आहे त्यात. उताऱ्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं असं आमचं झालं होतं, इंग्रजी-कन्नड लिहिताना आडनावाचं स्पेलिंग बदललेलं, त्यातच दीड महिना गेला. ते आधी बघा.

मोटरवाला_चिकोडी

बोअर अशी मोज. भाड्यानं जनरेटर आणि ३ एचपीची सबमर्सिबल आण, २०० लिटरचा ड्रम घे. मोटर सोडायच्या आधी दोरीला वजन बांधून पाणी किती फुटावर आहे ते बघ. मग मोटर चालू कर आणि दर अर्ध्या तासानं ड्रम भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर लाव, वहीत लिही. निदान चार तास. शेवटी परत दोरी सोडून लेव्हल बघ, दोरी मोटरच्या वायरीत अडकू देऊ नकोस, बाजूनं बारीक पाईप सोडलास तर बरं. घाई करून तासाभरात बंद केलंस तर खोटा आकडा मिळेल.

शेतकरी_उचगावपट्टा

मोजलं. काल सकाळी सातला चालू केलं, शेजारपाजारचे पण जमले होते.

चालू करायच्या आधी पाणी ९५ फुटावर. पहिला ड्रम २ मिनिटं २५ सेकंदात भरला, सगळे म्हणाले झकास. एका तासानं २ मिनिटं ५० सेकंद. दोन तासांनी ३ मिनिटं १०. त्यानंतर हळूहळू ३ मिनिटं २० सेकंदावर येऊन थांबलं, शेवटचा तासभर तेवढंच. बंद करताना पाणी २१० फुटावर होतं.

मामा आता हिशोब तुम्हीच सांगा. मला जरा अंदाज आलाय पण तुमच्या तोंडनं ऐकू दे.

मोटरवाला_चिकोडी

शाब्बास, असं नीट मोजून कोणी आणत नाही रे.

३ मिनिटं २० सेकंद म्हणजे २०० सेकंद, सेकंदाला एक लिटर, तासाला ३६०० लिटर. लेव्हल २१० फूट म्हणजे ६४ मीटर, पाईपचं घर्षण आणि टाकीत चढवायचं धरून ७० धर. एवढ्या कामाला मोटरला दीड किलोवॅटच्या आसपास लागतं. ३ एचपी तुला पुरून उरतो, त्याला ३००० वॅटचे पॅनेल येतात. ५ घेतलास तर चंदगडच्या पाव्हण्यांनी सांगितलं तेच होणार, बोअर कोरडी आणि पंप चालू-बंद चालू-बंद. ७.५ चं तर नावच काढू नकोस.

आता दिवसाला सहा तास चांगलं पाणी धरलं तर २१-२२ हजार लिटर. उन्हाळ्यात एका एकराला ठिबकवर रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर २० हजार लिटर लागतं. म्हणजे तुझी बोअर उन्हाळ्यात एक एकर जगवते. एकच. नोव्हेंबर-डिसेंबरात ऊन कमी, पिकाची तहान कमी, तेव्हा दीड एकर निघेल. आणि ही मोजणी मार्चची आहे, मे मध्ये यातलं पण कमी होईल ते धरून चाल. दोन एकर ऊस या बोअरवर होणार नाही. पाटानं तर अर्धा एकर पण नाही. वाईट वाटेल पण तोंडावर सांगतो.

निपाणीचा_ऊसकरी

मी पहिल्या पोस्टीत बिनधास्त बसवा म्हणून लिहिलं, त्यात माझं चुकलं. माझी नदीकाठची विहीर आणि यांची बोअर हे मी एकाच मापानं मोजलं. दादा, ऊस सोडून द्या. माझ्याकडं पाणी असून मी आता अर्ध्या उसाला ठिबक केलंय.

अथणीकडचा

पावसाळ्यात तुमच्याकडं पाणी वाहून जातंय तेवढं आमच्याकडं वर्षभरात पडत नाही. बोअरजवळ पुनर्भरणाचा खड्डा करा, दगड-खडी-वाळू घालून, ओघळीचं पाणी गाळून त्यात सोडा. गढूळ पाणी सरळ बोअरमध्ये सोडू नका, झरे बंद होतात. आणि जमलं तर शेततळं. आम्ही हे २० वर्षांमागं केलं असतं तर आज वेगळं लिहीत असतो.

शेतकरी_उचगावपट्टा

दोन दिवस घरात बोलणं झालं म्हणून उशिरा लिहितोय. उसाचं ऐकून बाबा गप्प बसले, त्यांचं लई वर्षांचं मनात होतं की आपल्या रानातली मोळी कारखान्याला जावी. शेवटी आईच म्हणाली की एक एकर हिरवं राहिलं तरी मार्चमध्ये आजवर कधी राहिलं नव्हतं. तेवढ्यावर ठरलं.

अर्ज ३ एचपीचाच केला, ग्राम वन मध्ये बसून, अक्कांनी सांगितलं तसं ओळ न ओळ वाचून घेतली. आमच्या पण उताऱ्यावर बाबांच्या नावात एक अक्षर चुकलेलं निघालं, ते दुरुस्तीला दिलंय. एक एकर ठिबकवर मिरची आणि काकडी, बाकी अडीच एकर भात-रताळी जसं आहे तसं. वरच्या कोपऱ्यात शेततळ्याला जागा सोडतोय.

एक राहिलं. बोअरच्या पश्चिमेला फणसाचं जुनं झाड आहे, आजीनं लावलेलं, ते तोडायचं नाही. पॅनेल कुठं बसवू?

मोटरवाला_चिकोडी

तोडू नकोस, तोडायची गरज पण नाही. पॅनेल एकामागं एक जोडलेले असतात त्यामुळं एकावर सावली पडली तरी सगळ्या लाईनचं पाणी घटतं, म्हणून दुपारी तीनची सावली कुठवर येते ते बघून तिथनं पुढं सरक. तोंड दक्षिणेला, आपल्या भागात १५-१६ अंशाचा उतार पुरतो. बोअरपासून वीस-पंचवीस मीटर लांब गेलं तरी चालेल, फक्त वायर जाड लाव, बारीक वायरीत करंट वाया जातो. फिटिंगवाला आला की तो त्याच्या सोयीनं बोअरला चिकटून खड्डे काढणार, तेव्हा आधीच चुन्यानं आखून ठेव.

पुढच्या रविवारी मला बेळगावला यायचंच आहे, तुझ्या रानात चक्कर टाकतो. तीनच्या सुमाराला येतो, सावली बघायला तीच वेळ बरी. चुना आणि टेप तेवढा आणून ठेव.